साठपर्यंत मोजलं

— न्हाई न्हाई, बसा की मॅडम, उठायलात कशाला? मी काय खायलोय का तुमाला? महेश्वरी, ह्या आपल्या विरेशच्या कॉलेजातल्या मॅडम — त्याची कविता अंकात छापली ना, त्याच. हां, आणा ते हॉलतिकीट इकडं. सोमवारपासून पेपर, कळलं मला. सोनपेठहून जीपमधी दाटून आलात त्याच्यापायी, लय झालं. पाठवायचं का न्हाई ते बघू. आधी कवितेचं बोलू.

पाठ हाय मला. 'मी खाली जात होतो, आणि वर बाप, हातातला दोर सोडून, आकडे मोजत होता.' टाळ्या पडल्या म्हणं. आता मला सांगा, आमच्याकडं पोराला विहिरीत पोहायला कसं शिकवत्यात? पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक बापाच्या हातात. गावातली समदी पोरं अशीच शिकली. अन् सोडला म्हणं! सोडला न्हाई मॅडम, ढिला केला — फरक हाय का न्हाई? ढिला केल्याबिगर पोरगं हातपाय हालवत न्हाई. डबा? डबा त्या दिवशी मीच बांधला नव्हता — त्याला न सांगता, खरं हाय. सांगितलं असतं तर उतरला असता का? अन् मोजलं, तर काय चुकलं? माझ्या बापानं माझ्यासाठी साठ मोजले, मी कमी का मोजू? चाळीसाला बुडबुडे थांबले, ही त्याची आई, महेश्वरी, काठावर बोंबलायली — तरी मोजलं. साठ म्हणजे साठ. मग वढला वर, पालथा घातला, पाणी ओकला, जिता हाय की. सात वर्षांचा होता. तवापासून बोलताना अडकतो, ते काय माझ्यामुळं? बरं, माझ्यामुळं. अडकतो म्हणून तर लिहायला लागला — म्हणजे तुमची ती कविता बी माझीच देन हाय. हसा की जरा!

मठात लोक विचारायलेत, अप्पा, खरंच दोर सोडला का? पन्नास वर्षं मान खाली न घातलेला माणूस मी. म्हणून पोराला बसवलाय घरात, महिना झाला. तो काय, दारात उभा राहून ऐकायलाय. ये रे, आत ये, मॅडम तुलाच न्यायला आल्यात.

हा कागद घ्या. लिहा — कविता काल्पनिक आहे, असं काही घडलेलं नाही, विद्यार्थ्यानं मार्कासाठी रचली. खाली सही. मग पाठवतो परीक्षेला, लगेच पाठवतो... कागद उडायलाय का? पंखा कमी करू?... त्याच्याकडं काय बघायलात, कागदाकडं बघा... हां. तारीख टाका. झालं.

वाच विरेश. अक्षर वळखतो ना? तुला खरं म्हणणारी जगात एकच होती. पेन दिलं हातात — दोन मिनिटं बी लागली न्हाईत तिला.

काय म्हणलात? परीक्षा? आता कमाल झाली मॅडम. पोरगं मार्कासाठी खोटं लिहितं, असं तुमीच सही करून दिलं. असल्या पोराला कोणत्या तोंडानं पाठवू? ते हॉलतिकीट राहू द्या, त्याला हात लावू नका. अन् रडायलात कशाला? निघा, जीप जाईल.

तू कुठं उठला रे? बस खाली. त्यांना वाट माहीत हाय.