दोन झाकणं

हॅलो?... हॅलो, कोण? आक्का? अगं, कव्हापासून लावायले मी तुला, सारखं बंद, बंद... कुठं हायस? चारठाण्याच्या पुढं? रेंजसाठी टेकाडावर चढलीस व्हय? मंग तिथंच उभी ऱ्हा, हलू नको. आवाज कटायलाय तुझा.

हो, हो... आमी हाव की समदे. दाजी बरे हायत? मेंढरं कुणाच्या रानात बसवलीत?... बरं. आन् सुलतान? एडका हाय का रेडा हाय म्हणत माणसं बघाया येतात, असं सांगत होता तुमच्या कळपावरला रामहरी... काय?... बरं बाई, ऱ्हाऊ दे. त्याचं नाव काढू नको तर न्हाई काढत.

आक्का, ऐक ना... तुझ्या भागवतसाठी लावत होते मी फोन. न्हाई, न्हाई, तसं काई न्हाई. हाय, अंगणात बूट बांधायलाय पळाया जायला. हळू बोलायले त्याच्यासाठीच. आधी माझं ऐकून घे, मंग देते त्याच्याकडं फोन. पण लेकराचं लक्षण मला बरं दिसंना.

अगं, ऐक तर. पोलीस भरतीचा सराव कराया माझ्याकडं सोनपेठला आला, तवा कसा होता? निस्ती काडी. मागच्या बारीला छाती फुगंना म्हणून भायेर काढला त्याला. ते लय लागलं त्याच्या जिवाला. मंग जिममधल्या पोरांनी नादाला लावलं, पावडर खा म्हणून. एवढा थोरला काळा डबा आणला. दुधात कालवून घटाघटा प्यायचा. मी म्हणलं, बाबा, भाकर खा, शेंगा खा, अती तिथं माती असती. तर मलाच म्हणतो, मावशी, तुला त्यातलं काय कळतंय?... हो, भरला की. दंड शर्टात मावंनात. गल्लीतली पोरं हात लावून बघायची. मला बी बरं वाटायचं, खोटं कामून बोलू.

हो... हो... पण ऐक की. आता तोंडावर सूज आलीय त्याच्या. पळून आला की भिताडाला धरून उभा ऱ्हातो. पुढ्यातली भाकर तशीच ठेवून उठतो. काल उजेडात धरून डोळे बघितले, तर हळदीवानी पिवळे. आन् न्हाणीत पाणी लालसर दिसलं म्हणून इचारलं, तर म्हणतो बीट खाल्लं होतं. आता कव्हा खाल्लं बीट, कुणी दिलं, देवाला ठाऊक. दवाखान्यात चल म्हणलं की अंगावर येतो. भरती तोंडावर आली, डाक्टर झोपवून ठेवील म्हणतो. ह्यांनी दटावलं, त्यांचं बी ऐकंना. तुझा शब्द तेवढा मोडत न्हाई. म्हणून तू सांग त्याला.

काय?... मला बी तेच वाटलं, पावडरच बाधली. म्हणून तर डबा उचलून माळ्यावर टाकला मी. पण डबा बंद होऊन लय दिस झाले, आक्का. तरी पोरगं सुजतंच जायलंय. आता तर तू पाठवलेला मध तेवढा घेतो, दुसरं काईच न्हाई.

हॅलो?... आक्का? हायस का?

मध गं. तूच रामहरीच्या हाती दिला व्हतास ना, बाटलीत भरून? सकाळ-सांज दोन झाकणं घेतो. कुणाला हात लावू देत न्हाई, आईनं पाठवलाय म्हणतो. मी एकदा बोटाला लावून चाखला, तर कडू जहर. म्हणलं असंल लिंबावरल्या पोळ्याचा.

मध न्हाई?

मंग काय हाय त्याच्यात?... रडू नको, नीट सांग. कुणाचं औषध?

सुलतानचं?

...

म्हंजी ते बैलाचं चित्र असतंय त्या डबड्यावर, ते?... अगं, ते तर ढोराला पाजायचं हाय, मेंढराचं बी न्हाई. आन् तू ते मधाच्या बाटलीत वतून दिलंस? चित्र बघून पोरगं लाजंल म्हणून?... त्याला काय म्हणून सांगितलंस?... जडीबुटीचा मध. बरं. आन् दोन झाकणं कुणी सांगितली?... एडक्याला एक, म्हणून माणसाला दोन.

न्हाई गं, शिव्या देईना मी तुला. मला भ्याव वाटायलंय, आक्का. आपल्या मायनं बी मेंढराच्या जखमेची हळद आपल्याच गुडघ्याला लावली, तसंच तुला वाटलं असंल. सुलतानच्या अंगावर मांस चढलं, तर लेकराच्या बी चढंल. आईच हायस तू, वाईट कशाला चितशील.

आता रडणं ठेव बाजूला. बाटली घेऊन मी त्याला आत्ता दवाखान्यात नेते. तू फकस्त सांग त्याला, आज पळू नको, मावशीसंगं जा. एवढंच सांग. थांब, देते... भागवत, आरं, आईचा फोन... भागवत?

गेला गं. फाटक उघडंच हाय.

न्हाई, येईल, फेरी मारून येतोच तो... तोवर एक सांग मला. खरं सांग. मघाशी सुलतानचं इचारलं, तर त्याचं नाव काढू नको कामून म्हणलीस?

...

कव्हा?

आन् सांगितलं न्हाईस कुणाला? नजर लागली म्हणले दाजी?... बरं, नजर तर नजर. पण मरायच्या आदी त्याला काय झालं होतं? आठव, आक्का... चारा सोडला. हं... डोळे?... पिवळे.

आन् मुतायचा कसा?

लाल.

आई गं...

आक्का, रडू नको, बोल. मेला कसा? झोपेत गेला का बसून होता?... कुठं?... कळपाच्या म्होरं? चांगला चालायला होता?... मंग पळाला, आन् पळता पळताच पड...

हॅलो? आक्का?... हॅलो?... हॅलो?

कटला...

अवं, उठा. उठा म्हणते ना. गाडी काढा जल्दी, भागवत पळायलाय.