पाटणचं नेट कोण तोडतं

—ठेवा, ठेवा की चहा त्या तारांवर! तेवढंच राहिलंय बगा— न्हाई वं, चेष्टा केली साहेब, इकडं टेबलावर ठेवा. तर काय सांगत हुतो? हां, तक्रार. दिवसभर नेट कसं पळतंय, दिसतंय न्हवं तुमच्या लॅपटॉपवर? आन् संध्याकाळ झाली की अख्ख्या पाटणच्या नेटला धाप लागती. रंगुबाईची मालिका अडकती आन् रंगुबाई थेट माज्या दारात— "गोमटेशभाऊ, सासूनं सुनंवर उगारल्याला हात कवाधरनं वरच हाय वं!" आता मी जाऊन हात खाली घेऊ व्हय तिचा? मी म्हणलं, मावशी, हे पाटण हाय, डोंगर हाय, वानरं तारंवर झोकं खेळत्यात, जरा दम धरा. वानरं बी कसली शहाणी बगा— दिवसभर झाडावर, आन् संध्याकाळी बराबर माज्याच तारंवर! —पटत न्हाई? मला तरी कुठं पटतंय? पण गिऱ्हाइकाला काहीतरी सांगाया लागतंय न्हवं.

तार बदलली. राऊटर बदलला. सर्व्हर बंद करून चालू केला— तेवढी विद्या सगळ्यांनाच येती. जिच्याकडनं लाइन घेतलीया त्या कंपनीला फोन लावला, तर तिथली पोरगी लय गोड आवाजात म्हणती, "सर, आमच्या बाजूनं सगळं व्यवस्थित आहे." असणारच की बाई, बिघडल्यालं सगळं इकडं धाडून दिलंय तुमी! म्हणून तुमाला साताऱ्यासनं बोलावलं, राजरत्नसाहेब. आन् एक सांगतो, आज दुरुस्त न्हाई झालं तरी चालंल. फकस्त आत जाऊन आमच्या कस्तुरीसमोर, म्हंजे माज्या बायकोसमोर, एवढंच म्हणा, की ह्यात गोमटेशचा हात न्हाई. इंजिनिअर माणसाचं ऐकंल ती. माजं तर ऐकायचं बंद केलंय.

—कशापायी म्हंजे? उगंच. तुमी बटणं दाबा की, ऐकता ऐकता टाइप करता येतंय न्हवं?... पोरगी हाय माजी, स्वप्नाली, बेंगलोरला. आपल्या मनानं लगीन केलं. केलं तर केलं— निदान जेवाया तरी बोलवायचं हुतं, मी काय मांडव पाडणार हुतो? बोलणं तुटलं. मग कवातरी आईच्या मोबाईलवर व्हिडिओ फोन याया लागला. रोज, बराबर आमच्या जेवणाच्या वक्ताला. तिला ठावं हाय, बाप ताटावर असतो, ताट सोडून पळत न्हाई. कस्तुरी मोबाईल तांब्याला टेकवून ठेवती. ह्या घरात रेंज न्हाई, सगळं आपल्याच वायफायवर. पोरगी दिसती. आईशी दोन शब्द बोलती. आन् माज्याकडं बघून "बाबा" म्हणाया तोंड उघडती न्हाई तोवर चित्र थिजतं! एकदा झालं तर नेट म्हणू— पण रोज? मी म्हणलं वा, बापाचं तोंड दिसलं की बटण दाबायचं, चांगलं शिकिवलं बेंगलोरनं! मग मी बी मान खाली घालून भाकरी मोडाया लागलो. न बघता जेवाया मला बी येतंय. ...न्हाई, तसं न्हाई, तिरक्या डोळ्यानं बघत हुतो. पोरगी वाळलीया जरा.

आन् काल तिनं आईला मेसेज धाडला. काय लिहिलंय म्हणता? "बाबा मुद्दाम नेट तोडत्यात. अख्ख्या पाटणचं नेट त्यांच्या हातात, मला कळत न्हाई का? आता मी फोन करणार न्हाई." मी तोडतो! ऐकलं का साहेब, मी! जसं काय मला दुसरा धंदाच न्हाई. कस्तुरी तवाधरनं बोलत न्हाई, ताटात भाकरी आपटती नुसती. म्हणून तुमी साक्षीदार. बगा सगळं आतलं, काय लपवायचं न्हाई आपल्याला, काय सापडायचं बी न्हाई—

—काय? कुणाचं नाव? माजंच असणार की, सर्व्हर माजा हाय, नाव काय तुमचं येईल? रोज संध्याकाळी आपोआप चालू हुणारं काम... हां हां, ते व्हय! ते जुनं हाय वं, त्याला हात लावू नका. मीच लिवलंय. वारणाकाठाला आमच्या गावात नेट चालवत हुतो, तवाचं. सर्व्हर आपल्या सगळ्या माहितीची नक्कल रोज सांगलीच्या दुसऱ्या सर्व्हरवर जपून ठेवाया धाडतो, लय जड ओझं, त्याला रस्ता मोकळा लागतो. म्हणून तेवढा वेळ बाकी सगळ्यांची चावी आवळायची, नळाची आवळतो तशी, नुसती बारीक धार ठेवायची. आन् वेळ कुठली धरली? हितंच तर डोकं हाय! दिवस मावळायच्या आधीची. बस्तीच्या, म्हंजे आमच्या देवळाच्या, भोवतीनं सगळी आमची जैनांची घरं, दिवस मावळायच्या आत जेवणं, त्या वक्ताला नेटवर चिटपाखरू नसायचं. एक तक्रार आली न्हाई कवा! म्हणून हितं आलो तवा तेच जसंच्या तसं उचलून ह्या सर्व्हरवर टाकलं, चालत्या गाड्याला कशाला...

पाटणमधी? पाटणमधी त्या वक्ताला कोण जेवतंय वं. हितं तवा चुली बी पेटत न्हाईत. सगळं गाव नेटवर असतंय...

हसू नका. हसण्यासारखं काय हाय? म्हंजे मी जेवाया बसतो, पोरगी फोन लावती, आन् हिकडं माजंच... थांबा. बोलू नका जरा.

काढा ती ओळ. नक्कल पहाटं जाऊ द्या, न्हाईतर न जाऊ द्या, सांगलीवाल्यांचं काय अडलंय. काढली? झालं? एवढंच हुतं?

—अगं कस्तुरी, ऐकू आलं ताट आपटल्यालं, तू जेव! व्हय, दिवस डोंगराआड चाललाय, दिसतंय मला. मी न्हाई जेवत आज. तुजा मोबाईल तेवढा आण हिकडं. ...न्हाई साहेब, ती कशाला करंल आता फोन, सांगितलं न्हवं? मलाच लावाया लागंल. मी कवाच लावला न्हाई. ह्यात नाव कुठं असतंय? हां. वाजतंय.

लय वेळ वाजतंय.

हॅलो... मी हाय, बाबा. न्हाई न्हाई, आईला काय झालं न्हाई, बरी हाय ती, ऐक की. तू म्हणलीस न्हवं, बाबा तोडत्यात म्हणून... व्हय. मीच तोडत हुतो गं.

...साहेब, जाताना दार ओढून घ्या.