दरडीवरच्या लेकरांची नावं

नाही पाहुणे, त्या वाटेनं नाही. बसा इथंच, या ओंडक्यावर, जरा ओला आहे पण बसवेल. वर काय असणार? धुकं आहे, चिखल आहे, आणि एक शेळी आहे, ती परक्या माणसाला शिंगं मारते. माझी बायको ओतिलिया — ती बहिणीकडे गेलीय, खालच्या वस्तीत. तिला भेटायला एवढा डोंगर चढून आलात म्हणजे भेटवतोच, पण तोवर या फाट्यावरच थांबायचं. मी हे कणसाचे दाणे सोडवतोय, तुम्ही बोला.

तर काय म्हणालात मघाशी आमच्या लेकरांना? लेकरं म्हणजे तीच हो, तुमची अळंबी — आम्ही त्यांचं नाव असं उघड्यावर घेत नाही, लहानगी म्हणतो, उगवून आलेली लेकरं म्हणतो, तेही आवाज खाली घेऊन. "आतला देव जागवणारी", असंच ना? शास्त्रातला नवा शब्द. चांगला आहे. फार चांगला आहे, म्हणूनच मला जरा — नाही, राग नाही. पण बघा, मी तरुण होतो तेव्हा पहिला माणूस आला, उंच, उन्हानं कान लाल झालेला, त्याच्या शास्त्रात यांना "वेडाची नक्कल करणारी" म्हणायचे. म्हणजे ओतिलियाची आई, जी सगळ्या डोंगराची दुखणी बघायची, ती वेडाची नक्कल करत होती. बरं. मग दुसरे आले, म्हणाले तो शब्द चुकला, आता "भास घडवणारी" म्हणायचं. मग आले लांब केसवाले, अनवाणी, त्यांचा शब्द होता "मन उघडून दाखवणारी" — त्यांनी मन उघडलं, कपडे उतरवले आणि माझ्या मक्यात नाचले. शब्द दर वेळी आधीच्याहून गोड, आणि पिशवी दर वेळी आधीच्याहून मोठी. तुमची तर माझ्या गाढवालाही पेलणार नाही. आहे काय तिच्यात? डब्या. रिकाम्या? हं. रिकाम्या डब्या घेऊन कुणी डोंगर चढतं होय, उगाच?

नाही नाही, घ्या, कॉफी घ्या. थंड झाली असेल. आणि तुम्ही विचारलंत ना, मात्रा किती, भास सुरू व्हायला वेळ किती — मला एक सांगा. आमची शेजारीण एर्मिनिया, तिची पोर. ताप आला, डॉक्टरनं सुया दिल्या, ताप गेला, पण पोर बोलायची थांबली. भिंतीकडे तोंड करून पडलीय, अन्न घेत नाही. आज दिवे मालवले की ओतिलिया लेकरांना विचारणार, पोर कुठं घाबरली, तिचं काय मागं राहिलं. सांगतात लेकरं, ओतिलिया नुसतं आपलं तोंड उसनं देते. आता यात भास कुणाला होतो? पोरीला? ओतिलियाला? मग पुढच्या दिवशी पोर भाकर मागते, तो कुणाचा भास? म्हणून तर ती पहाटेच वर —

बहिणीकडे. हो, म्हणालो होतो तसं. काय करणार, खोटं मला तरुणपणीही धड जमलं नाही. आता अर्धं कळलंच आहे तर पुरतं ऐका, म्हणजे तुम्ही जागचे उठणार नाही. ती दरडीवर गेलीय. मागच्या पावसात कडा घसरला, त्या उघड्या मातीत ही जात येते. हलक्या हातानं उपटायची, केळीच्या पानात गुंडाळायची, आणि घर येईस्तोवर वाटेत माणूस भेटता कामा नये, मेलेलं जनावर आडवं येता कामा नये, परक्याची नजर पडता कामा नये. नजर पडली की ती मुकी होतात. मग खा कितीही, पोट ढवळेल, बोलणार कुणी नाही. तेवढ्यासाठी नवरा फाट्यावर बसतो — येईल त्याला बोलण्यात गुंतवायचं, एवढंच काम. सकाळी गाढववाला सेवेरो आला, त्याला मी त्याच्या सासूची खुशाली विचारली, तो लगेच नदीच्या वाटेला लागला. तुम्हालाही त्याचसाठी बसवलंय. वाईट वाटून घेऊ नका.

काय? यालाही शब्द आहे तुमच्याकडे? "मनाची तयारी आणि भोवतालची मांडणी." अस्सं. म्हणजे शास्त्राला ठाऊक आहे हे, की भोवताली कोण आहे, कोण बघतंय, यानं फरक पडतो? मग बरं झालं बाबा. मी उगाच मघापासून संशयानं — शब्द आहे म्हणजे तुम्हाला कळलंच असणार.

उभे का राहिलात? पाय आखडले?

तिकडं नाही, खाली बघा, नदीकडं. पाहुणे, तो कॅमेरा डोळ्याला कशाला लावलाय? धुकं फाटलं, ऊन पडलं, आणि दिसतेय ती? एवढ्या लांबून? खाली घ्या तो. मांडणी टिपायची म्हणजे काय, तीच तर मोडताय तुम्ही. मी म्हातारा माणूस विनवतोय, खाली घ्या.

थांबली. तिनं काच चमकलेली पाहिली. आता वाकेल बघा — वाकली. पान सोडतेय, एकेक परत मातीवर ठेवतेय. नाही, पुन्हा उचलायची नसतात. नाही, दुसरीकडे नाहीत. उगवतील, पुन्हा पाऊस होईल तेव्हा उगवतील, पण तोवर उपाशी पोरीला कुणी सांगायचं, थांब म्हणून? रिकाम्या हातानं उतरतेय ती. आणि तुम्हाला काय बोलू, दरड मीच सांगितली, वाट मीच सांगितली.

चित्र पुसलंत? पुसा, नका पुसू. माफी राहू द्या. निघ आता. ही पिशवी घे पाठीवर. आणि एर्मिनियाच्या दारावरून जाऊ नकोस, ती सकाळपासून उंबऱ्यात उभी आहे — तिला वाटेल, वरून काहीतरी घेऊन आलास. नदीकडून जा. जा.