निळा आकडा

...नाही हो, लोखंडात खोट नाही, उगाच दुकानदाराला शिव्या देऊ नका. फाटकाचा हा आकडा घरीच वाकवलात ना? गॅसवर तापवून? वाटलंच — मोडलाय तिथं बघा, निळी झाक दिसते. रागावू नका, पण तुम्ही नेमका नको त्या वेळी घाव घातलात. हे साधं, मऊ जातीचं लोखंड. थंड असताना हळूहळू वाकवा, मुकाट वाकतं. लालबुंद करा, मेणासारखं वळतं. पण अर्धवट तापून निळं झालं की — काय होतं? ताठतं! जोर वाढल्यासारखा वाटतो, वाढतोही थोडा, पण वाकवायला गेलात की कडकन तुटलंच.

मला कसं माहीत? मी तोडलंय म्हणून! लग्नाला महिनाही झाला नव्हता. सासरे इथंच ऐरणीपाशी बसायचे — हात सोन्याचा, तोंड मात्र निखाऱ्याचं. मी भट्टीकडे फिरकायचं नाही, असा हुकूम. आणि माझे हात तर नुसते शिवशिवत होते! एका दुपारी ते जेवायला उठले, शाळेच्या घंटेचा आकडा अर्धाच राहिलेला. म्हटलं, आपण वाकवून ठेवू, खूश होतील. भाता मारता मारता मी दमले — लाल व्हायची वाट कोण बघतंय — घातला हातोडा. दोन तुकडे! तसेच टाकले आणि धूम ठोकली.

बोलणी कोणाला बसली? माझ्या दिरांना — सासऱ्यांच्या हाताखाली तेच असायचे ना. सासरे वर्षभर त्यांना ‘आकडेमोड्या’ म्हणायचे, सगळी गल्ली हसायची. आणि मी? गप्प. तीस वर्षं गप्प — आमच्या ह्यांनाही नाही सांगितलं. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. गेल्या आठवड्यात भावोजी आले होते, चहा देता देता एकदम बोलूनच टाकलं. रडू आलं हो मला. तर ते हसायलाच लागले — "वहिनी, मला त्याच दिवशी कळलं होतं. तुकडे निळे होते. लाल झाल्याशिवाय मी नि बाबा हातोडा उचलत नाही, मग घरात नवशिकं कोण होतं?" म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणे, "बाबांच्या शिव्या मला रोजच्याच. तुम्ही नव्या. एकदा ओरडा बसला असता, तर पुन्हा भट्टीपाशी आला नसतात." आणि खरंच हो — पुढच्याच महिन्यात बापाशी भांडून मला भात्यावर बसवलं ते त्यांनीच. मी आपली समजत होते, हाताला माणूस कमी पडतोय म्हणून...

काही नाही, धूर गेला डोळ्यांत. काय बघताय? संध्याकाळी या, आकडा तयार असेल. जा म्हटलं ना!