हलकं की भारी

मुलगी: वहिनी, त्या स्वस्तातल्याचं नाव काढू नकोस. आईसाठी घ्यायचंय आणि मी घेतेय.

सून: ताई, स्वस्त आहे म्हणून नाही म्हणत मी. तुमचं हे भारीतलं कीबोर्डचं कव्हर उचलून तरी बघा. टॅबलेट बसवला की वीट उचलल्यासारखं वाटतं.

मुलगी: जड आहे म्हणूनच हलत नाही. मागचा टेकू बघ, हवा तिथे थांबतो. बटणांखाली उजेड आहे. वेगळं चार्ज करायची भानगड नाही. आणि ते तुझं? बोट ठेवलं की डुगडुगतंय.

सून: आईंच्या बोटात एवढा जोर कुठे आहे?

मुलगी: ते तू नको ठरवूस. आई, तूच सांग. कुठलं घेऊ?

(घशाच्या ऑपरेशनमध्ये आईचा आवाज गेला. तेव्हापासून ती टॅबलेटवर लिहून बोलते. आताही दुकानाच्या काउंटरपाशी खुर्चीवर बसून लिहितेय आणि दोघी वाचतायत.)

आई: दो

सून: दोन्ही लावून बघते म्हणतायत.

मुलगी: तिला लिहू तर दे!

सून: बरोबर ना, आई? बघा, मान हलवली.

मुलगी: हो, तुझं बरोबरच असतं. सकाळी तिने नुसता ‘ख’ लिहिला. मी वेड्यासारखी खुर्ची ओढतेय आणि तू जाऊन खिडकी लावलीस. जन्मापासून माझी आई आहे ती! तू कालपरवा या घरात आलीस.

सून: तुम्हाला काय वाटतं, मला तो ‘ख’ हवा असतो?

मुलगी: म्हणजे?

सून: ‘ख’ म्हणजे खिडकी. ‘पा’ म्हणजे पाणी. ‘गो’ म्हणजे गोळी. दिवसभर मला अक्षरं मिळतात, ताई. वाक्यं सगळी तुमच्यासाठी राखून ठेवलेली. तुम्ही आलात की दोघी खोलीत बसता. तुमचं हसणं बाहेर ऐकू येतं. मी चहा घेऊन आत आले की स्क्रीन कोरी.

मुलगी: लिहिलेलं पुसते ती. सवयच आहे तिची.

सून: मी आल्यावरच पुसतात.

मुलगी: अगं, रडतेस काय? लोक बघतायत.

सून: बघू देत.

मुलगी: मला वाटायचं, तुझ्याशी तिला लिहावंसुद्धा लागत नाही. परत जायला गाडीत बसले की तेच डोक्यात घोळायचं. मला माझी आई वाचावी लागते आणि ही बया तोंडाकडे बघून ओळखते.

सून: आणि तुमची गाडी गेली की मी तुमची चादर धुवायला काढायचे. आपटून आपटून धुवायचे.

मुलगी: तरीच तिचा रंग उडालाय.

आई: झालं का?

मुलगी: आई, तू ऐकत होतीस?

आई: आवाज गेलाय. कान नाही.

सून: चुकलं, आई. तुमच्यासमोर नको होतं बोलायला.

मुलगी: बरं, ते जाऊ दे. दोन्ही लावून झाली. आता सांग, कुठलं?

आई: हलकं.

मुलगी: म्हणजे हिचंच. वाटलंच मला.

आई: तुझं छान आहे. पण मांडीवर तुम्ही दोघी बसलेल्या आहातच. वर आणखी वजन नको.

मुलगी: हसू नकोस, वहिनी.

सून: तुम्हीच हसताय, ताई. पण आई, ते डुगडुगतं, हे ताईंचं खरं आहे. त्यांच्या मनात आहे तर भारीतलंच...

आई: हल

सून: हलकंच हवंय त्यांना.

आई: चुकलीस. थांब जरा.

मुलगी: थांब, वहिनी. लिहू दे.

आई: हललं तर तू समोर बसून धर. आज संध्याकाळी स्वयंपाकघरात पळायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय.

सून: माझ्याशी? कशाबद्दल?

आई: लांब आहे. इथे नाही मावणार.

मुलगी: आणि तेवढा वेळ मी काय करू?

आई: स्वयंपाक.

मुलगी: करते. तुमच्या खोलीचं दार लावून घेऊ का?

सून: नको, ताई. उघडंच असू दे.