ग्रुपवरची पहिली आवृत्ती

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ नंबरची वाट पाहत होते.

"ताई, लोक मोबाइलच्या ग्रुपवरून तुझं पुस्तक फुकट डाउनलोड करतायत, म्हणजे त्यांना ते हवंय. खूश हो की."

"अरे, ती पहिली आवृत्ती आहे. तिच्यात लहान मुलांच्या एका औषधाचा डोस दहापट छापला गेलाय. नर्सिंगच्या मुली तोच पाठ करतायत."

"मग तक्रार कर."

"किती करू? एक ग्रुप बंद झाला की दुसऱ्या नावाने उघडतो. कोण चालवतं, कुठून चालवतं, अ‍ॅपवाली कंपनी काही सांगत नाही."

"मग दे सोडून."

"डोस आहे तो, कविता नाही. शेवटी सुधारलेली आवृत्ती मीच त्या ग्रुपवर टाकली."

"स्वतःचंच पुस्तक? धन्य आहेस बाई."

"तासाभरात निघाली."

"ग्रुपवाल्यांनी काढली?"

"नाही रे, आमच्या प्रकाशकांनी तक्रार केली. नवी आवृत्ती कुठे दिसली की त्यांचं सॉफ्टवेअर लगेच पकडतं. जुनी ते आता विकतच नाहीत, त्यामुळे ती शोधतही नाहीत."

"म्हणजे आता तिथे..."

"चुकीची तेवढी राहिली."