लंबक ज्याचा त्याचा

बाबा : म्हणजे दादाचं घड्याळ उचलून आपल्या वेबसाइटच्या पानावर आणायचं? नको गं बाई. दुकानं वेगळी झाल्यापासून आमचं बोलणं नाही, त्यात हा चोरीचा आळ कशाला?

मुलगी : उचलत काहीच नाही, बाबा. घड्याळ काकांच्या दुकानात, त्याच्यावर रोखलेला कॅमेरा त्यांचा, वेबसाइट त्यांची. आपण आपल्या पानाला नुसती खिडकी पाडायची. आयफ्रेम म्हणतात तिला. तिकडे जे चालू असेल, ते इकडे दिसतं.

बाबा : मग खाली लिही, चाकं थोरल्याची, लंबक धाकट्याचा. जन्मात एकच मोठं घड्याळ केलं, दोघांनी मिळून, तेही त्याच्याकडे राहिलं. गिऱ्हाइकाला दाखवू काय?

मुलगी : लिहिलं. हं, बघा.

बाबा : पांढरंफटक आहे.

मुलगी : नकार आलाय. आपलं पान कुणाच्या खिडकीत दिसू द्यायचं, हे मालकाला ठरवता येतं.

बाबा : म्हणजे दादाने तोंडावर दार लावलं. मला वाटलंच होतं. तरी उगाच जीव लागला होता. काढून टाक ती खिडकी, मी चहा टाकतो.

मुलगी : थांबा हो. परवानगी कुणाला आहे, तेही नकारासोबत येतं. इथे एकाच वेबसाइटचा पत्ता दिसतोय.

बाबा : असेल त्याच्या व्याह्याचा.

मुलगी : आपल्या दुकानाचा आहे, बाबा.

बाबा : काहीतरीच. मग दार बंद का?

मुलगी : माझाच वेंधळेपणा. पान अजून माझ्या लॅपटॉपवर आहे, दुकानाच्या पत्त्यावर चढवलंच नाही. काकांनी साऱ्या जगाला नाही म्हटलंय, तुम्हाला सोडून. चढवते. या, आता बघा.

बाबा : (चष्मा पुसत) अगं, हा माझाच लंबक. कसा झुलतोय बघ लबाड. पण थांब, हे घड्याळ मागे चाललंय. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघ. फोन दे इकडे.

मुलगी : बोलणार तुम्ही?

बाबा : घड्याळ मागे पडलंय आणि तू अबोल्याचं काय घेऊन बसलीस? लाव फोन. हॅलो, दादा, मी बोलतोय. तुझं घड्याळ मागे पडलंय.

काका : (फोनवरून) आपलं म्हण. आणि ठाऊक आहे मला. लंबकाला मी हात लावत नाही, ते तुझं काम.